कानात सांगायचं उत्तर

मला सगळे नाकमुरडी म्हणतात. म्हणू देत. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, तीही मळक्या बाजूला, अर्धं आयुष्य काढलेल्या बाईनं नाक मुरडायचं नाही तर काय करायचं? आमच्या लॉन्ड्रीच्या मधोमध भिंत आहे आणि त्या भिंतीतच मशीनं बसवली आहेत. इकडून मळकं घालायचं, तिकडून धुतलेलं काढायचं. तिकडच्या बायका पांढऱ्या टोप्या घालतात, इस्त्रीच्या वाफेत गाणी म्हणतात आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्यापासून दोन बाकं लांब बसतात. इकडे आम्ही चौघी. वरच्या मजल्यांवरून पत्र्याच्या घसरगुंडीतून गाठोडी धपाधप खाली येतात. वॉर्डातल्या मळक्या चादरी एका चादरीत कोंबून तिची चारही टोकं आवळून बांधायची, की झालं गाठोडं. आत काय आहे ते वरच्यांना पुन्हा बघावं लागू नये म्हणून ती गाठ इतकी घट्ट मारलेली असते. बघायला आम्ही आहोतच.

गाठोडं धुवायला काही लागत नाही, ते मशीन धुतं. खरं काम गाठ सोडण्याचं. गाठ सुटली की आत कोंडलेली हवा आधी तोंडावर येते. त्या पहिल्या भपकाऱ्याची मला अजून सवय झालेली नाही, आणि व्हावी अशी इच्छाही नाही. मग चादरी सुट्या करायच्या, रक्ताच्या इकडे, पुवाच्या तिकडे, बाकी घाणीच्या तिसरीकडे. मध्येच कुणाची कवळी सापडते, कुणाचा चष्मा. एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद सापडलं होतं, ते कुणी कुठल्या तोंडानं खाल्लं असेल याचा विचार करून मी दिवसभर जेवले नव्हते.

या अशा जागी एक बाई हसायची. तिचं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. एरवी ती सांगाबाई. तिचं प्रत्येक कोडं 'सांगा बाई' असं सुरू व्हायचं म्हणून. बुटकी, रुंद, पुढचा एक दात पडलेला, आणि हसली की त्या खिंडीतून थुंकी उडायची. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच सकाळी गाठोडं सोडून कोपऱ्यात उमासे काढत उभी होते. ही माझ्या पाठीवर थापटी मारत म्हणाली, "सांगा बाई, पुढून झाकलेला, मागून उघडा. श्रीमंत घालतो, गरीब घालतो, हौसेनं कुणीच घालत नाही. काय?"

मला तिच्या कानाखाली काढावीशी वाटली. इथे मी कोपऱ्यात वाकलेय आणि ही कोडी घालतेय! पण डोकं मेलं ऐकतं थोडंच? ते आपोआप शोधायला लागलं. पुढून झाकलेला, मागून उघडा... उत्तर सापडलं तेव्हा माझ्या हातात तोच होता. पेशंटचा झगा. पाठीमागे नुसत्या दोन नाड्या. मी हसले नाही. पण उमासे थांबले होते, आणि त्याचा मला रागच आला.

हे खूळ तिला लहानपणीच लागलेलं. बाप पिऊन यायचा आणि दारातूनच भांडी फेकायला सुरुवात करायचा. आई सगळ्या पोरांना पलंगाखाली सारायची, स्वतःही आत शिरायची आणि हळू आवाजात कोडं घालायची. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, आईच्या कानात सांगायचं. पोरं उत्तर शोधत राहायची, बाहेर बाप ओरडत राहायचा. "सगळ्यात अवघड कोडं ज्या दिवशी असेल ना," सांगाबाई सांगायची, "त्या दिवशी बाप सगळ्यात जास्त प्यायलेला असायचा. आम्हाला आपलं वाटायचं, आज आई मजेत आहे." आणि हे सांगताना ती खदाखदा हसायची. मला ते ऐकून शिसारी यायची. बापाचीही आणि तिच्या हसण्याचीही.

तिच्या घरी मी एकदाच गेले होते. एकच खोली, खिडकीपाशी लोखंडी पलंग, पलंगावर नवरा. गवंडीकाम करायचा. अर्ध्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली, राहिला डावा हात. म्हणजे दिवसभर हॉस्पिटलात परक्यांची घाण काढून ही घरी यायची आणि नवऱ्याची काढायची. मी दारातच नाक दाबलं. ती त्याला कुशीवर वळवत म्हणाली, "सांगा बाई, चोवीस तास चालतं पण भिंत काही सोडत नाही." उत्तरं त्या खोलीतल्याच वस्तूंची, कारण त्याला फक्त बोट दाखवता यायचं. नवऱ्यानं डावा हात उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न दाखवता पलंगाखालच्या भांड्याकडे दाखवलं. "मेल्या, ते चालतं होय?" ती ओरडली. त्याच्या तोंडाची अर्धी बाजू हसली. कळलं तेव्हा मी थक्क झाले. कोडं कुठलंही असो, त्याचं पहिलं उत्तर तेच असायचं. हाच त्याचा विनोद, आणि तो रोज तिला नव्यानं हसवायचा. मी चहा न घेता निघाले. घशाखाली उतरलाच नसता.

तर मळक्या बाजूची रीत सांगते. सकाळी गाठोडी कुणी सोडायची यावरून पूर्वी आमच्यात रोज कडाक्याचं भांडण व्हायचं. सांगाबाईनं तोडगा काढला. ती कोडं घालणार, आम्ही तिघी एकेक करून तिच्या कानात उत्तर सांगणार, आणि जिचं चुकलं तिनं त्या दिवसाची गाठोडी सोडायची. तिघींचं बरोबर आलं तर सोडणार ती स्वतः. कानात सांगायचं कारण उघड होतं, एकीचं ऐकून दुसरीनं उत्तर चोरू नये. भांडणं थांबली. आमच्यातली भोंगा, जिचा आवाज धुतल्या बाजूपर्यंत जायचा, तीसुद्धा सकाळी डोळे बारीक करून विचार करायची. बसमधून येतानाच मी मनात म्हणायची, आज काय घालेल ही? पूर्वी त्याच बसमध्ये मी फक्त वासाचा विचार करायची.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मला एकदा ताप होता. कोडं घातलं तेव्हा डोकं बधिर झालेलं, मी तिच्या कानात काहीतरी बडबडले, 'बादली' की काय. ती गंभीरपणे मान हलवून म्हणाली, "बरोबर." उत्तर 'उशी' होतं. त्या दिवशी गाठोडी तिनं सोडली. मी काही बोलले नाही. तिची दया आली म्हणून नव्हे, माझी तिला दया आली याचा राग आला म्हणून. मग मी पाळत ठेवली. जिचं पोरगं आजारी, जिची रात्र जागून गेलेली, तिचं उत्तर हमखास 'बरोबर' निघायचं. कानात काय सांगितलं ते सांगणारीला आणि ऐकणारीला, दोघींनाच ठाऊक. तिसरीनं विचारायचं कसं?

आमच्या हसण्याची बातमी वर गेली. मग साहेब खाली आले. स्वच्छतेचं खातं यांच्याकडे, आणि नाकावर अत्तरात बुडवलेला रुमाल. खरं सांगते, मला पुवाच्या वासापेक्षा त्या अत्तराची जास्त किळस यायची. पू निदान कुणाच्या तरी दुखण्यातून आलेला असतो. साहेबांनी सांगाबाईला दोन कोडी घालायला लावली, दोन्हींची उत्तरं चुकवली, पोट धरून हसले आणि म्हणाले, "बघा, माणसानं कामाकडे कसं बघावं!" पुढच्या आठवड्यात भिंतीवर रंगीत पाटी आली : 'हसरी बाजू'. नंतर गळ्यात माइक अडकवलेली एक मॅडम आली, तिनं आम्हाला हात वर करून हा-हा-हा करायला शिकवलं. भोंगा इतक्या जोरात हा-हा-हा करत होती की मॅडमला वाटलं हिला फारच बरं वाटतंय. आम्ही जाड हातमोजे कधीचे मागत होतो. मिळायचे ते कागदासारखे पातळ, दुपारपर्यंत फाटणारे. त्यांचा विषय काढला की साहेब पाटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "तुमच्याकडे तर त्याहून मोठी गोष्ट आहे." ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच सुमारास आमच्यातली चौथी काम सोडून गेली आणि तिच्या जागी धाकटी आली. विशीतली, काटकुळी, आणि पोटुशी. पाचवा लागलेला. तिनं सांगितलं नव्हतं, पण पहिल्या गाठोड्याला ती ज्या तऱ्हेनं पोटावर हात ठेवून मागे सरकली ते बघून आम्हा तिघींनाही कळलं. काम सोडणं तिला शक्य नव्हतं. नवरा कामासाठी रोज वणवण करायचा, घर सासूच्या हातात, आणि सासू म्हणे चार घास वाढतानाही ऐकवायची.

त्या दिवसापासून धाकटीचं उत्तर चुकेनासं झालं. रोज ती सांगाबाईच्या कानाशी जायची, काहीतरी पुटपुटायची आणि सांगाबाई म्हणायची, "बरोबर!" एखादीचं सलग इतकं बरोबर येतं होय? गाठोडी कधी सांगाबाई सोडायची, कधी मी, आणि जास्त वेळा भोंगा, कारण कोड्यांत तिचं डोकं सगळ्यात मंद चालायचं. एका दुपारी बाकावर भोंगा फुटली. आवाज दाबायचा तिचा इरादा असेल, पण तिचा दाबलेला आवाजही अख्ख्या तळघराला ऐकू जातो. "हिच्या वाटणीची घाण मी किती दिवस काढायची? मला दिवस गेले तेव्हा कोण आलं होतं कानात बरोबर म्हणायला? आठव्यापर्यंत सोडलीत मी गाठोडी!" तिचं काही खोटं नव्हतं. धाकटी समोरच बसली होती. तिनं डबा मिटला आणि नळावर हात धुवायला गेली, न जेवताच.

दुसऱ्या दिवशी सांगाबाईनं शेंबड्या पोरालाही येईल असं कोडं घातलं. "सांगा बाई, पाऊस पडला की उघडते, ऊन पडलं की उघडते, घरात आली की मिटून झोपते." मी कानात सांगितलं, छत्री. भोंगानंही सांगितलं, आणि बरोबर आलं म्हणून स्वतःवरच खूष झाली. मग धाकटीची पाळी. सांगाबाईनं कान पुढे केला. पोरगी जागची हलली नाही. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खिडकी."

सांगाबाईचा कान तसाच पुढे होता. "नीट विचार कर गं."

"केला. खिडकीच."

"इकडे येऊन कानात सांग."

"सांगितलं की मावशी. आता सगळ्यांनी ऐकलं." आणि ती गाठोड्यांकडे चालू लागली.

"थांब, मी सोडते," सांगाबाई म्हणाली. मीही म्हणाले. भोंगा तर ओशाळून म्हणाली, "अगं जाऊ दे, मी बोलून गेले रागाच्या भरात." पण पोरीची मान ताठ होती. "तुमचीच रीत आहे ना? मग मलाच का वगळता?" तिनं पहिलं सोडलं, दुसरं सोडलं. ओकली नाही, रडली नाही. तिसऱ्यात हात घातला आणि "आई गं" म्हणून झटकन बाहेर काढला. पातळ मोज्याच्या आत बोटावर लाल ठिपका. चादरीत सुई होती. वॉर्डातल्या कुणीतरी इंजेक्शन देऊन ती तशीच चादरीवर टाकली होती आणि वर गाठ मारली होती.

आम्ही तिला नळाखाली धरलं, वर नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सुई कुणाची? कसं सांगणार? त्या गाठोड्यात सबंध वॉर्डाच्या चादरी होत्या. रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की खात्रीनं आत्ताच सांगता येणार नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, मग आणखी एकदा, बाळंतपणाच्या सुमारास. तोवर काही धरून बसू नका, म्हणाल्या. हे वाक्य ज्यानं कुणी काढलं असेल त्याला माझ्यासमोर आणा. पोटातल्या पोराच्या रक्तात काय उतरलं असेल ते महिनोन्‌महिने कळणार नाही, आणि धरून बसू नका!

सांगाबाईनं दुसऱ्या सकाळी कोडं घातलं नाही. आम्ही तिघी सवयीनं उभ्या राहिलो. ती सरळ गाठोड्यांपाशी गेली आणि सोडायला बसली. "मी कोड्यांवर घाण वाटत होते," एवढंच म्हणाली, "आता नाही वाटणार." त्यानंतर तिच्या तोंडून 'सांगा बाई' निघालं नाही.

आणि मग तळघर खरं कसं आहे ते कळलं. वास पहिल्यापासून तेवढाच होता, पण आता तो डोक्यातही शिरला. काम संपेना. चादरीवरचा प्रत्येक डाग दिसायचा आणि प्रत्येक डागामागे माणूस दिसायचा. बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली तरी मला वाटायचं, माझा वास आला. मी घरी जाऊन कोपरापर्यंत हात घासायची. एवढी वर्षं जिच्या हसण्याचा मला वीट आला होता, तिच्याच जिवावर मी इथे टिकले होते, हे कबूल करतानाही माझ्या तोंडाला कडवट चव येते.

एकदा सांगाबाई मला घेऊन साहेबांकडे वर गेली. तिनं सगळं नीट, सावकाश सांगितलं. सुया वॉर्डातच वेगळ्या काढायला लावा, कोपरापर्यंतचे जाड मोजे द्या, गाठोडी बांधताना वरचं एक माणूस उभं ठेवा. साहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं. ती थांबली तसे ते म्हणाले, "हं, मग? उत्तर काय?"

"कसलं उत्तर साहेब?"

"कोड्याचं!"

मी सांगाबाईचा हात धरून तिला खाली आणलं. जिना उतरताना मी त्या माणसाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता यायच्या नाहीत.

धाकटी मध्ये काही दिवस आली नाही म्हणून आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली होती. पोट आता चांगलंच दिसत होतं. शेजारी एक पेला, एक ताटली, खुंटीवर वेगळा पंचा. सासूनं तिचं सगळं वेगळं काढलं होतं. स्वयंपाकघरात यायचं नाही, बालदीला हात लावायचा नाही. नवराही तिच्यापासून लांब, बाहेरच्या बाकावर निजायचा. सासू आतून लांबूनच आमच्याशी बोलली, "आम्हाला काही वाटत नाही हो, पण लोक काय म्हणतील?" मी आयुष्यभर घाण बघितली आहे. त्या बाईच्या लख्ख घासलेल्या ओट्याइतकी घाण जागा मी पाहिली नाही.

"चहा घेणार?" सासूनं तोंडदेखलं विचारलं.

"घेणार की," सांगाबाई म्हणाली. "तिच्या पेल्यात द्या."

"अहो, आमच्याकडे दुसरे आहेत ना."

"असतील. मला तिच्याच पेल्यात पाहिजे. आणि बाई, तुमचं माहेर कुठलं ते सांगाल का? नाही, तुम्ही धुतल्या-पुसल्याच जन्माला आलात की काय, ते तिथल्या माणसांना विचारून यावं म्हणते."

धाकटी फिसकन हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सासूचा चेहरा उतरला, पण चहा तिला त्याच पेल्यात द्यावा लागला. सांगाबाई तो फुर्र आवाज करत शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, पेला धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाली, "उद्यापासून कामावर ये. इथल्यापेक्षा तिथला वास बरा." पोरगी आली. तिला आम्ही गाठोड्यांना शिवू दिलं नाही. भोंगाच त्यांच्यापुढे आडवी उभी राहायची.

मधली तपासणी ठीक निघाली, पण तिच्यावर विसंबायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दिवस भरत आले. शेवटच्या तपासणीचा निकाल आला त्या सकाळी धाकटी स्वतः जिना उतरून खाली आली, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हाताचा कमरेला आधार. आम्ही तिघी उभ्या. तिनं नुसती मान हलवली. काही नाही. तिलाही काही नाही आणि बाळालाही भीती नाही. भोंगानं जी किंकाळी मारली ती ऐकून धुतल्या बाजूच्या बायका धावत आल्या. मी रडले. मी रडते तेव्हा कुरूप दिसते, पण रडले.

सांगाबाई हसली नाही आणि रडलीही नाही. गाठोड्याच्या गाठीवर तिचा हात तसाच राहिला होता.

आणि तेवढ्यात साहेब. बातमी वर पोहोचली असणार. नाकावर रुमाल, बरोबर फोटो काढणारा माणूस. "बघा! मी म्हणत नव्हतो? काही झालं का? उगाच सगळ्यांनी मनाला लावून घेतलं होतं." फोटोसाठी त्यांनी धाकटीला पाटीखाली उभं केलं, आम्हाला आजूबाजूला. "आता सगळं पहिल्यासारखं. बाई, होऊन जाऊ दे एक कोडं! तुमच्या कोड्यांशिवाय इथे मजा नाही."

फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. सगळे तिच्याकडे बघत होते, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, घाल बाई एखादं, सुटू देत सगळे एकदाचे. सांगाबाईनं तोंड उघडलं. मग तिनं हात पोटावर दाबला, वाकली आणि भडाभडा ओकली. सकाळचा चहा, पोळी, सगळं. साहेबांच्या बुटांवर. पुन्हा ओकली. एवढ्या वर्षांत तिला साधी मळमळ झालेली मी पाहिली नव्हती. धाकटीनं त्या अवघडलेल्या अवस्थेत पुढे होऊन तिचं कपाळ धरलं आणि धरूनच राहिली.

साहेब मागे सरकले. "अरे, कुणी पाणी आणा! हे पुसा आधी!"

सांगाबाई जमिनीवर बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, इकडे तिकडे बघितलं, मशीनकडे, ओल्या फरशीकडे, घसरगुंडीखाली साचलेल्या ढिगाकडे, एखादी बाई परक्या घरात आल्यावर बघते तसं. "वास येतोय गं," ती मला म्हणाली. "केवढा वास येतोय इथे. तुम्हाला रोज असा येतो?"

"रोज," मी म्हटलं.

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

मी तिच्या शेजारी खाली बसले. धाकटीला उभं राहवत नव्हतं, तिला भोंगानं स्टुलावर बसवलं आणि स्वतः पाय पसरून माझ्या पलीकडे बसली. वरून आणखी एक गाठोडं आलं. कुणी उठलं नाही.

"जाड मोजे येईपर्यंत मी यातलं एकही सोडणार नाही," सांगाबाई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं.

साहेब हसायला गेले, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांना ते जमलं नाही. "अहो, पण मग ही गाठोडी कोण सोडणार?"

आम्ही चौघींनी त्यांच्याकडे बघितलं. ते बूट वाजवत निघून गेले. जिन्याचं दार उघडंच राहिलं होतं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, गाठोडी येतच होती, एकावर एक. मी उठून ओकारी तेवढी पुसली, ती आमच्यातलीच होती. बाकी कशाला हात लावला नाही. दुपारपर्यंत वास पहिला जिना चढला, मग दुसरा, आणि जेवणाच्या वेळेला वरच्या ऑफिसातल्या खिडक्या एकेक करून धाडधाड उघडल्याचे आवाज आम्हाला खाली ऐकू आले.